खरेदीदाराचे नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पैसा मी नेहमी कुणाच्या तरी नावासह ऐकला. अमक्याची उचल, तमक्याचे येणे, कुणाची पट्टी द्यायची राहिली. सासरे, म्हणजे अण्णा, रोजमेळ लिहिताना मोठ्याने वाचत आणि नावावाचून एकही रक्कम वहीत चढत नसे. त्यामुळेच तीन वर्षांपूर्वी माझ्या बँक खात्यात परस्पर जमा झालेल्या एका रकमेने आमच्या घरात जो पेच उभा केला, तो आपल्यासारख्या व्यापारी घरांतील वाचकांना सांगावासा वाटतो.

मुले शिक्षणासाठी पुण्यास गेली आणि माझ्या दुपारी रिकाम्या झाल्या. कांदा, लसूण, बटाटा न घालता करावयाच्या पाककृती मी एका संकेतस्थळावर लिहू लागले. चातुर्मासात पालेभाजीही वर्ज्य. मग कडधान्ये, दुधी, कच्ची केळी यांवरच स्वयंपाक निभवावा लागतो. परगावी संसार थाटलेल्या लेकीसुनांना नेमके हेच विचारायचे असते. वाचक वाढले, तेव्हा धाकट्या मुलाच्या सांगण्यावरून त्या पानांवर गूगलच्या अॅडसेन्स या व्यवस्थेमार्फत जाहिराती घेतल्या.

पैसा हाती येईपर्यंतचा प्रवास मात्र दुपारच्या करमणुकीचा नव्हता. 10 डॉलर साठले की पत्त्याची खात्री करण्यासाठी टपालाने एक सहा आकडी संकेतांक येतो. तो लिफाफा पोस्टमनने दुकानात दिला, अण्णांनी तो बिलांसोबत तारेला लावला आणि माझे पंधरा दिवस वाट पाहण्यात गेले. पुढे 100 डॉलर पूर्ण होईपर्यंत रक्कम तिकडेच राहते. त्यानंतर येणाऱ्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान ती रवाना होते. माझी पहिली रक्कम रवाना झाली आणि परतही गेली. पासबुकावर माझे माहेरचे आडनाव तसेच राहून गेले होते आणि तिकडे मी सासरचे लिहिले होते. ज्या भगिनींना हे काम करावयाचे असेल त्यांनी आधी दोन्हीकडची नावे अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावीत.

शाखेचा आयएफएससी क्रमांक आपल्या घरी सर्वांना पाठ असतो. परदेशातून येणाऱ्या पैशाला स्विफ्ट संकेतांकही लागतो आणि तो प्रत्येक शाखेला असतोच असे नाही. आमच्या शाखेतील बाईंनी तो मुख्य शाखेतून मागवून दिला. रक्कम कशापोटी आली हेही बँकेला सांगावे लागते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने संकेतांक ठरवून दिले आहेत, जाहिरातीचा पी1007. डॉलरचे रुपये बँकेच्या त्या दिवसाच्या दराने होतात, शुल्क वजा होते. परदेशी रक्कम मिळाल्याचा दाखला आठवणीने मागून घ्यावा, कारण हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावेच लागते.

एके दिवशी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई चालू असताना मोबाइल वाजला. 8,412 रुपये जमा. पिठाच्या हातानेच मी तो संदेश अण्णांना दाखवला. आयुष्यातली माझी पहिली कमाई होती.

अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "कोणाकडून जमा?"

"गूगलकडून."

"त्यांनी तुझ्याकडून काय घेतले?"

मी समजावून सांगितले. कुणी माझे पान उघडले की त्या क्षणी तेथील मोकळ्या जागेचा लिलाव होतो. अनेक जाहिरातदार बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते आणि त्याने मोजलेल्या पैशातला वाटा माझ्या नावे जमा होतो. अण्णांचा चेहरा उजळला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याचा काळ पाहिलेला तो माणूस. लिलाव त्यांना नवा नव्हता. "म्हणजे हा अडत्याच की!" ते म्हणाले. "किती अडत घेतो?" शंभरातले साधारण 68 मला मिळतात, असे सांगितल्यावर मात्र ते मोठ्याने हसले. "बत्तीस? आपल्या यार्डात हा एक हंगाम टिकला नसता."

हसणे थांबल्यावर त्यांनी विचारले, "आपण शेतकऱ्याला पट्टी देतो तेव्हा तिच्यावर वजन, भाव, हमाली, तोलाई असतेच, पण माल कोणी घेतला त्याचे नावही असते. तुझ्या पट्टीवर ते कुठे आहे?"

मी पावती उघडून दाखवली. एकच नाव होते, अडत्याचे.

"बरे, जागा तरी दाखव," ते म्हणाले. मी कच्च्या केळ्याच्या पावभाजीचे पान उघडले. पाककृती संपत होती तिथेच घरपोच मटणाची जाहिरात होती. यंत्राच्या हिशेबाने त्यात वावगे काहीच नव्हते. पान स्वयंपाकाचे आणि जाहिरातही स्वयंपाकाची. अण्णा काही बोलले नाहीत. मोबाइल पालथा ठेवून ते ओटीवर जाऊन बसले.

चूक माझीच होती. एखाद्या जाहिरातदाराचे संकेतस्थळ रोखण्याची, जाहिरातींचे नको असलेले वर्ग बंद करण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती. रक्कम किती झाली हे रोज पाहणाऱ्या मला ते पान कधी उघडावेसे वाटले नव्हते. त्याच रात्री मी दिसतील ते सारे वर्ग बंद केले. पुढच्या महिन्यांत उत्पन्न उतरले, 100 डॉलर भरायला अधिक दिवस लागू लागले. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही. प्रश्न आलेल्या रकमेचा होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "त्यातले मटणाचे किती, ते तुला सांगता येईल का?" येत नव्हते. "मग सगळे पांजरपोळेला देऊन टाक. जनावराचा पैसा जनावराला."

मी नाही म्हणाले. या घरात त्यांना तोंडावर नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्या रकमेत माझ्या दोनशे दुपारी होत्या, उन्हाळ्यात गॅसपुढे उभे राहून चार-चार वेळा केलेले पदार्थ होते. एका जाहिरातीसाठी ते सगळे अशुद्ध कसे ठरावे? मी हे बोलले, रडलेही. ह्यांनी दुकानाची किल्ली उचलली आणि नेहमीप्रमाणे काढता पाय घेतला.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग कपाटातली घरखर्चाची लाल वही काढली. दुकानाचे हिशेब केव्हाच संगणकावर गेले आहेत, ही वही मात्र अजून ते स्वतः लिहितात. ज्या रकमेचा धनी ठरत नाही ती उचंत खाती धरण्याची आपली जुनी रीत आहे. त्यांनी एक कोरे पान घेतले, वर 'उचंत' लिहिले, खाली 8,412 जमा केले आणि पेन माझ्यापुढे धरले. "धनी ठरेल तेव्हा खोड. तूच खोड, मी नाही खोडणार."

नंतर आलेल्या रकमा माझ्या नावाने रीतसर चढल्या. त्यांतून पांजरपोळेला चारा गेला, मुलाची फीही गेली. ती एक रक्कम तेवढी तशीच आहे. तीन दिवाळ्या झाल्या. वहीपूजनानंतर अण्णा नव्या वहीत 'मागील वहीवरून' असे लिहून ती पुढे ओढतात आणि माझ्याकडे पाहतात. यंदा हे म्हणाले, "एवढ्याशा रकमेचा घोळ मिटवून टाका आता." अण्णांनी पेन माझ्या हातात दिले. मी आकडा पुन्हा एकदा वाचला आणि पेनाला टोपण लावले.