तिकडं काय, नुसती रेती

कुवेतचा विषय निघाला की अब्बा एकच वाक्य बोलायचे, “तिकडं काय, नुसती रेती.” १९७८ ते १९९०, बारा वर्षं तिथं पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा आणि त्याच्या बोलण्यात ना उंट, ना खजूर, ना शेख. कॉलेजात असताना मी एकदा चिडून म्हणालो होतो, “नुसती रेती होती, तर राहिलात कशाला तिथं?” ते काही बोलले नाहीत. अम्मीनं मात्र दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मागच्या जानेवारीत धाकट्या भावाकडं कुवेतला गेलो. जहरा मागं टाकून अब्दलीच्या रस्त्याला लागलो आणि मला रेती दिसण्याआधी झुडपंच दिसली. गुडघ्याएवढी, करड्या-हिरव्या रंगाची, उलट्या खराट्यासारखी. गाडी थांबवून एक फांदी हातात घेतली. पान म्हणून काही नाहीच. पेरापेरांची, रसानं भरलेली हिरवी कांडी. पानाचं सगळं काम तीच करते. वाऱ्यानं आलेली रेती झुडपाशी अडते, त्यामुळे जो तो आपापल्या उंचवट्यावर बसलेला. भावाचा कुवेती सहकारी म्हणाला, याला रिमथ म्हणतात. खारट असतं, उंटांना आवडतं, वाळलं की जळण. हिवाळ्यात हौशी लोक तंबू ठोकायला येतात आणि त्यांच्या गाड्यांखाली ही झुडपं चिरडली जातात. हे सांगताना त्याला खरंच वाईट वाटत होतं.

घरी परतल्यावर या झाडाचं कूळ शोधत बसलो. शास्त्रीय नाव हॅलोक्झायलॉन. ग्रीकमध्ये मीठ आणि लाकूड असे दोन शब्द जोडून केलेलं. मध्य आशियात याचा थोरला भाऊ आहे, साक्सौल. तो चांगला झाड होण्याइतका वाढतो आणि त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. अरल समुद्र आटला, त्याच्या उघड्या पडलेल्या तळावरून खारी धूळ गावागावांत जाऊ लागली. ती अडवायला उझबेकिस्ताननं त्या तळावर साक्सौलच लावला. समुद्र होता तिथं आता माणसं झाडं लावतायत.

याच कुळातली एक जात सिंध-पंजाबच्या कोरड्या भागात होते. लोक ती कापून वाळवत, खड्ड्यावर रचून जाळत. राख आणि क्षार वितळून खड्ड्यात उतरत आणि थंड झाल्यावर दगडासारखे घट्ट होत. तो सज्जीखार. अल्कली हा शब्दसुद्धा अशाच झाडांच्या राखेच्या अरबी नावावरून, अल-क़ली, आलेला.

सज्जीखार वाचलं आणि मला अम्मीचा पत्र्याचा डबा आठवला. आता दुकानात पापडखार म्हणून पांढरा भुगा मिळतो. तिच्याकडं करडा खडा असायचा. तो कुटून पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि त्या पाण्यात पोह्याचं पीठ भिजवायचं. खार जास्त झाला तर पापड लाल पडतो, कमी झाला तर फुलत नाही. अब्बांच्या बॅगेत दर खेपेला शंभर पापड ठरलेले.

संध्याकाळी अब्बांना फोनवरचा फोटो दाखवला. चष्मा लावायच्या आधीच म्हणाले, “रिमथ.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“माहीत म्हणजे? याच्यावर चहा करून प्यालोय.”

आणि मग ते बोलायला लागले. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत १ लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना विमानांनी मायदेशी आणलं गेलं. त्यांतले बहुतेक अम्मानहून. अब्बा त्यांतले एक. पण अम्मान गाठायच्या आधी इराक-जॉर्डनच्या सीमेवर त्यांना सहा रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. पगार, टँकरमालकाकडची शिल्लक, सगळं मागंच राहिलं. बरोबर एक बॅग.

“दिवसा भाजून निघायचो, रात्री गार. पोरं हिंडून काटक्या आणायची. तिकडंही होतं हे झुडूप, हेच किंवा याचंच कोणीतरी. ओलसर असलं तरी पेटायचं. बॅगेत तुझ्या अम्मीचे पापड उरले होते, मोडलेले. निखाऱ्यावर भाजले. एक केरळचा होता, एक बांगलादेशी, त्याची बायको, दोन पोरं. तुकडा तुकडा आला वाट्याला.”

अम्मी आतून ऐकत होती. “हे मला कधी नाही सांगितलंत?”

“मोडले होते ना सगळे,” अब्बा म्हणाले.

अम्मीला जाऊन खाराची गोष्ट सांगावी असं मनात आलं, पण मी गप्प राहिलो. अब्बा फोटो बोटांनी मोठा करून पाहत होते. “अब्दलीच्या रस्त्याला म्हणतोस. चढणीच्या अलीकडं की पलीकडं? पलीकडं डाव्या हाताला मी टँकर लावायचो.”

मला सांगता येईना. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, भावाला लाव, त्याला विचारतो.