कमोडोर जेम्स : काही टिपणे

विल्यम जेम्स वेल्समधल्या पेम्ब्रोकशरचा. बाप गिरणीवाला होता म्हणतात. पोरगा लहानपणीच जहाजावर गेला. वेस्ट इंडिजकडे व्यापारी जहाजावर असताना स्पॅनिशांनी धरला आणि हवानाला डांबला. सुटून परत निघाला तर जहाज फुटलं. उरलेली मोजकी माणसं एका होडक्यात, सोबत थोडी बिस्किटं आणि पाण्याचं एक लहान पिंप. असे वीस दिवस. पाणी जेम्सच्या तपकिरीच्या डबीनं मोजून प्रत्येकाला द्यायचं. शेवटी किनाऱ्याला लागले, तो पुन्हा क्युबाचाच! जुने इंग्रज चरित्रकार ही गोष्ट चवीनं सांगतात. थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण ती डबी कुणाला सुचून सुचेल असं वाटत नाही.

*

१७४७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला, १७५१ मध्ये तिच्या आरमाराचा कमोडोर झाला. हे आरमार राजाचं नव्हे, कंपनीचं : 'बॉम्बे मरीन'. काम मुख्यतः राखणदाराचं. व्यापारी जहाजांचा तांडा सांभाळून न्यायचा आणि कोकणचे मराठा दर्यासारंग आंग्रे, त्यांची गुराबं-गलबतं दिसली की आडवं व्हायचं.

*

हर्णे, १७५५. पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा तुळाजी आंग्र्यांविरुद्ध करार झालेला. पेशव्यांकडून कोकणचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. जेम्सकडे 'प्रोटेक्टर' ही ४४ तोफांची नौका आणि आणखी चार लहान जहाजं. हर्ण्यासमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बंदरात तुळाजीचं आरमार होतं, ते चाहूल लागताच दक्षिणेकडे पसार झालं. पाठलागाचं वर्णन इतिहासकार रॉबर्ट ऑर्मनं केलंय. वारा पडलेला, तेव्हा आंग्र्यांच्या खलाशांनी जादा सामान समुद्रात फेकलं आणि शिडांच्या जोडीला अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा वाऱ्यावर ताणली. निसटले! मला त्या सगळ्या मोहिमेतलं हेच चित्र सगळ्यात आवडतं, आणि ते हरणाऱ्या बाजूचं आहे.

*

जेम्स मग किल्ल्याकडे वळला. ऑर्म म्हणतो, मराठे दूरवर खड्डे खणून बसले होते आणि एका चार पौंडी तोफेनं ठोकत होते. ते पाहून जेम्स वैतागला आणि हुकमाची मर्यादा ओलांडून त्यानं स्वतःच हल्ला केला. ऑर्म कंपनीचा माणूस, मराठ्यांना हसायची संधी तो सोडत नाही. हे ध्यानात ठेवून वाचावं. पण जेम्सनं नौका किल्ल्याच्या अगदी जवळ आणली, हे खरं. पहिल्या दिवशी तोफांचे गोळे आणि बॉम्ब मिळून आठशे टाकले म्हणतात. तरी तट ढासळेना. मग किल्ल्यातून फुटून आलेल्या एकानं सांगितलं की ही बाजू भक्कम, दुसऱ्या बाजूनं बघा. त्या बाजूनं मारा केला. एक बॉम्ब शाकारलेल्या घरावर पडला, आग लागली, दारूकोठार उडालं. मग बायकापोरांसकट लोक बाहेर पडायला लागले. किल्ला गेला, मागोमाग किनाऱ्यावरचे हर्ण्याचे किल्लेही. कान्होजी आंग्र्यांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली तो हाच किल्ला.

*

'नानासाहेब पेशव्यानं मराठी आरमार बुडवलं' असं आपण सुवर्णदुर्गाचं नाव घेऊन बोलतो. ते जळलं आंग्र्यांच्या विजयदुर्गात, फेब्रुवारी १७५६ मध्ये. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून धरलेलं 'रिस्टोरेशन' हे जहाज पेटलं आणि शेजारी शेजारी बांधलेली सगळी गलबतं त्यासोबत. किल्ला घेणारे इंग्रज सेनानी, समुद्रावर अ‍ॅडमिरल वॉटसन आणि जमिनीवर क्लाइव्ह. पण त्याआधी तिथं जेम्स जाऊन आला होता. किल्ल्याच्या माऱ्यात शिरून पाहणी केली, पाण्याचा ठाव घेतला आणि मुंबईला कळवलं की या जागेचा बोलबाला ऐकला होता तेवढी ती अवघड नाही, मोठी जहाजं आत जाऊ शकतात. विजयदुर्गाला भिऊन मुंबईनं कित्येक वर्षं काढली होती. ती भीती घालवली ती या एका अहवालानं. वॉटसनच्या तोफांपेक्षा तोच मला मोठा वाटतो.

*

१७५७ च्या सुरुवातीला मुंबईहून कोरोमंडल गाठायचं होतं. फ्रान्सशी युद्ध जाहीर झाल्याची खबर वॉटसन-क्लाइव्हला द्यायची होती. वारा ईशान्येचा, थेट तोंडावर. त्या ऋतूत कुणी जात नसे. जेम्स खाली विषुववृत्त ओलांडून दहा अंश दक्षिणेपर्यंत उतरला, तिथं पश्चिमेचा वारा पकडला, सुमात्राच्या टोकापर्यंत पूर्वेला गेला आणि मग तोच ईशान्य वारा बाजूला घेऊन कोरोमंडल किनाऱ्यावर उतरला. केवढा वळसा, पण पोचला. मार्चमध्ये वॉटसन-क्लाइव्हनं बंगालमधलं फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं. सुवर्णदुर्गापेक्षा हे काम भारी. सुवर्णदुर्गासाठी पुढे मनोरा उभा राहिला, यासाठी मात्र कुणी बांधला नाही.

*

१७५९ मध्ये पैसा घेऊन मायदेशी. लंडनला जेरार्ड स्ट्रीटवर घर, कंपनीचा डायरेक्टर, पुढे चेअरमन, पार्लमेंटात, १७७८ मध्ये बॅरोनेट. याच घरी १७६७ मध्ये लेखक लॉरेन्स स्टर्नला एलायझा ड्रेपर भेटली. तिचा नवरा मुंबईत कंपनीचा अधिकारी. स्टर्न वेडावला. बाई मुंबईला परतली आणि १७७३ मध्ये माझगावच्या घरातून रात्री दोराच्या शिडीनं उतरून एका आरमारी अधिकाऱ्याच्या आसऱ्याला पळाली. जेम्सच्या चरित्रात हा तुकडा कशाला, असं विचाराल तर उत्तर नाही. स्टर्ननं मरताना शेवटचं पत्र जेम्सच्या बायकोलाच लिहिलं होतं, माझ्या मुलीकडे लक्ष ठेवा म्हणून.

*

डिसेंबर १७८३ मध्ये जेम्स गेला. पुढच्या वर्षी विधवेनं लंडनच्या शूटर्स हिलवर तीन बाजूंचा, कोपऱ्यांना बुरूज असलेला विटांचा मनोरा बांधला. वास्तुविशारद रिचर्ड जप. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे सुवर्णदुर्गच. उंची ६३ फूट. दारावरच्या पाटीवर मलबार किनाऱ्यावरचा किल्ला जिंकल्याची तारीख आहे, २ एप्रिल १७५५. मलबार कुठलं? त्यांना मुंबईपासून खालचा सगळाच किनारा मलबार. पाटीवर पेशव्यांचा उल्लेख नाही, आणि किल्ला काही महिन्यांतच पेशव्यांच्या हवाली केला, याचाही नाही. २०१४ मध्ये डागडुजी होऊन मनोरा पुन्हा उघडला.

*

सुवर्णदुर्ग पेशव्यांना दिला, पण मोबदल्याविना नव्हे. बाणकोटचा हिंमतगड आणि आसपासची गावं इंग्रजांकडे राहिली, नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया'. विजयदुर्ग मराठ्यांना देतानाही बाणकोटच्याच बदल्यात दिला. मुंबईला जवळचं बंदर आणि मुलूख हवा होता.

*

१८०२ च्या अखेरीस होळकरांच्या भीतीनं पुण्यातून पळालेला दुसरा बाजीराव पेशवा महाडवरून याच सुवर्णदुर्गावर येऊन राहिला. पुढे इंग्रजांच्या आसऱ्यानं वसईला गेला, आणि ३१ डिसेंबरला तिथं इंग्रजांशी तह झाला.