नावातले रान

रोह्याहून मुरुडकडे जाणारा डोंगररस्ता ज्याने पावसाळ्यानंतर पाहिला असेल, त्याला तेथील वनश्रीचे वर्णन आम्ही निराळे ऐकविण्याचे कारण नाही. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ साली फणसाड अभयारण्य झाले आणि शेकरूला अभय मिळाले. हे योग्यच झाले.

आमचे मन गुंतते ते मात्र एका शब्दात. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्यांचा अर्क आटविला म्हणजे विडा रंगविणारा कात होतो. तो काढणारे ते कातकरी. आपला वंश ते रामाच्या वानरसेनेपासून सांगतात. परंतु १८७८ च्या वनकायद्यानंतर राने राखीव होत गेली, तसतशा काताच्या भट्ट्या विझल्या, आणि पुढे हीच माणसे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर राबू लागली.

वर्डस्वर्थ शिकविण्यात आमची हयात गेली. त्याच्या काव्यात डोंगर आहेत, तशी डोंगरातील दरिद्री माणसेही आहेत. आमच्या सृष्टिवर्णनांत ती क्वचितच दिसतात. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला खरा. पण ज्यांच्या नावातच रान आहे, त्यांना त्या रानात हक्काने पाऊल टाकता येईल, तेव्हाच अभयारण्य हा शब्द सार्थ झाला असे आम्ही म्हणू.