मृदंग्याचा अंमल

दिंडीत मान विणेकऱ्याचा, अभंगाची निवड गायकाची आणि बंदोबस्त चोपदाराचा असला, तरी चालणाऱ्यांच्या पायांवर प्रत्यक्ष अंमल चालतो तो मृदंग्याचा, हे मी गळ्यात मृदंग अडकवून बारामती ते इंदापूर ही वाट तुडवतानाच शिकलो. टाळकरी पुष्कळ असतात, त्यांतील एखाद्याचा टाळ चुकला तर गजरात खपून जातो; मृदंग्याची चूक मात्र तत्क्षणी साऱ्या दिंडीच्या पायांत उतरते.

तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून, काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण घेऊन सणसरकडे निघते, तेव्हा पावसाळी हवेने पुडी सैल पडू लागते. उजवी बाजू गठ्ठे ठोकून चढवता येते. डाव्या तोंडावरची कणीक मात्र उघडीप पडली की वाऱ्याने सुकते आणि ओल्या बोटांनी पुनःपुन्हा थापून ती बसवावी लागते, कारण ज्या खर्जावर पाऊल पडायचे, तो खर्ज त्या ओल्या कणकेतूनच निघतो.

याहून अवघड काम लय सांभाळण्याचे. मागच्या टाळकऱ्यांपर्यंत गायकाचा शब्द उशिरा पोचल्यामुळे ते रेंगाळतात, गायक भावावेगाने पुढे धावतो, आणि या ओढाताणीत कोणाचाही पक्ष न घेता दोघांना समेवर आणून सोडणे हे मृदंग्याच्या पदरी येते. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावू लागले की सर्वांचेच भान हरपते, हातही द्रुत होण्यास आतुर होतो. परंतु एकदा चढवलेली लय रसभंग न करता उतरवता येत नाही, आणि निमगाव केतकीपर्यंतची मजल तर अद्याप शिल्लक असते!

साऱ्या मेळ्याची भिस्त ताल धरणाऱ्यावर असते, हा न्याय केवळ वारीपुरता नव्हे. लेड झेपेलिन या विलायती रॉक बँडचा ड्रमवादक जॉन बॉनहॅम १९८० साली निवर्तला, तेव्हा गायक व गिटारवादक हयात आणि कर्तबगार असूनही, त्याच्या जागी दुसरा वादक तैनात करण्याऐवजी उरलेल्यांनी बँडच विसर्जित केला.

म्हणून दिंडीप्रमुखांस एवढेच विनवणे आहे, की मृदंगी निवडताना त्याचा हात किती वेगाने चालतो हे पाहू नये. दमलेल्या माणसांबरोबर तो एकाच लयीत किती वेळ टिकतो, हे पाहावे.