रिझर्व्हचा दिवा लागल्यावर

इंधनाचा दिवा पेटला की बहुतेकांच्या मनात आधी येतं, टाकी कोरडी व्हायच्या आत पंप गाठू, आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. महामार्गावर गाडी चालवता चालवता माझं मत मात्र उलट पक्कं होत गेलं आहे: त्या वेळी पाय सैल सोडण्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे; त्या वेगाला हा विरोध ताशी ८० च्या सव्वादोन पट असतो. ‘वेगाने गेलं तर इंजिन कमी वेळ चालेल’ असं लोक म्हणतात. वेळ कमी लागतो हे खरं, पण टाकीतलं पेट्रोल किती पुरेल हे दर किलोमीटरला किती जळतं यावर ठरतं. टायरचं घर्षण वेगाबरोबर फारसं वाढत नाही, त्यामुळे एकूण खर्च सव्वादोन पट होत नाही. तरी पुढचा पंप गाठणं आणि अलीकडेच थांबणं यांतलं अंतर भरून काढण्याइतका फरक नक्की पडतो. याचा अर्थ दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं असा नाही. इंजिन नुसतं फिरत राहायलाही इंधन लागतंच, आणि रांगणाऱ्या गाडीत ते थोड्याशा अंतरासाठी खर्ची पडतं. इंजिन न गुरगुरता जो वरचा गिअर घेईल तो, ६० ते ८० चा स्थिर वेग, आणि पुढची गर्दी लांबून हेरून ब्रेक शक्य तितका टाळणं, एवढं पुरे.

एक्स्प्रेसवेवर सावकाश जाणं धोक्याचं, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच ही गाडी डाव्या लेनमध्ये हवी. तिथले जड ट्रक ८० च्या मर्यादेत चालतात, तेव्हा त्या वेगाची कार कुणाला अडथळा होत नाही. ट्रकच्या मागे चिकटून हवेचा मार चुकवण्याची युक्ती मात्र मला मान्य नाही. इंधन तिने वाचतं, पण ट्रकने अचानक ब्रेक दाबला तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

सगळ्यात हट्टी समज उतारावर न्यूट्रल टाकण्याचा. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला आधार होता. गिअरमध्ये उतरतानाही इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला, की संगणक इंधन बंद करतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिन जिवंत ठेवायला पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, हे जाणकारांचं म्हणणं खोटं नाही. पण आपल्याकडचे उतार खंडाळ्याचे, कसाऱ्याचे आहेत. तिथे इंजिनाचा आवर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या जड वाहनांनी किती घरं उद्ध्वस्त केली, हे आपण वाचत आलो आहोत. इंजिनच बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकची मदत काही दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली पूर्ण फिरली तर ते जागच्या जागी अडकूही शकतं.

एसीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही: गावातल्या वेगाला तो बंद करून काचा उघडाव्यात, महामार्गावर उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो. मात्र ही सगळी काटकसर अडचणीपुरती आहे, रोजची सवय म्हणून नाही. बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी नेहमी तळाशी ठेवली तर तो तापतो, आणि घाटात इंधन एका बाजूला सरकलं की हवा ओढतो. डिझेलच्या गाडीत हवा शिरली तर टाकी भरूनही इंजिन लगेच सुरू होईल याची खात्री नसते.

पंप गाठता येणार नाही असं दिसलं, तर इंजिन चालू आहे तोवरच गाडी डाव्या कडेला, वाहत्या लेनच्या बाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.