दोन निळे पडदे

माझी भाची पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. प्रोजेक्टसाठी तिला जीएमआरटीच्या डेटावर काम करायचं होतं. नारायणगावजवळ खोडदला ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि १६ तीन दिशांना कित्येक किलोमीटर लांबवर पसरलेल्या. या अँटेनांनी टिपलेल्या लहरींमधून आकाशाचं चित्र तयार करायला खगोलशास्त्राचे विद्यार्थी 'कासा' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते लिनक्सवर किंवा मॅकवर चालतं. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय आहे, पण तिच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. त्यात विंडोज, लिनक्स आणि कासा असे तिघं एकदम बसवले की कुणालाच धड जागा मिळत नाही. म्हणून विंडोजच्या शेजारी उबुंटू वेगळं टाकायचं आणि लॅपटॉप सुरू करताना हवं ते निवडायचं, असं तिच्या गाइडनी सुचवलं. सल्ला अगदी योग्य होता.

होस्टेलवरच्या एका सीनियर मुलीनं पेनड्राइव्ह तयार करून दिला आणि दोघी रात्री बसल्या. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्यावर उबुंटूही उघडत नव्हतं आणि विंडोजही. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची बिघडलेली यंत्रं शेवटी माझ्या टेबलावर येतात. माझ्याकडे येण्याआधी भाची एका दुकानात जाऊन आली होती. तिथं लॅपटॉप सुरू करून पाहिला आणि लगेच निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा राहणार नाही."

हे वाक्य ऐकलं की मला मनापासून राग येतो. तिच्या दोन वर्षांच्या नोट्स, प्रॅक्टिकलचे रिपोर्ट, अर्धा लिहिलेला प्रबंध, सगळं त्या डिस्कवर होतं. पडद्यावर काय लिहिलंय ते पूर्ण वाचायच्या आधीच ते पुसून टाकायचा सल्ला कुणी कसा देऊ शकतं?

भाचीनं एक फार शहाणपणाचं काम केलं होतं. त्या रात्री पडद्यावर जे जे आलं त्याचे तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. ते आम्ही क्रमानं पाहिले आणि बरंचसं चित्र तिथंच उलगडलं.

पहिल्या फोटोत उबुंटूचा इन्स्टॉलर सांगत होता की या लॅपटॉपवर इंटेलचं आरएसटी चालू आहे, ते बंद केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दुसऱ्या फोटोत बायोसचं पान होतं. तिथं दोघींनी त्यासाठीच व्हीएमडी नावाची सेटिंग बंद केली होती आणि हात लागला आहे तर सुरुवातीच्या फाइलींची सही तपासणारं सिक्युअर बूटही बंद केलं होतं. तिसऱ्या फोटोत इन्स्टॉलेशन जवळजवळ संपलेलं, आणि मधोमध चौकट: ग्रब-इन्स्टॉल अयशस्वी, ही घातक चूक आहे. 'फेटल' हा शब्द पाहिला की माणूस घाबरतोच. पण त्याचा अर्थ एवढाच की इन्स्टॉलर इथून पुढं जाऊ शकत नाही. डिस्क मेली असा त्याचा अर्थ होत नाही.

आता लॅपटॉप सुरू केला की निळा पडदा येऊन बिटलॉकरची रिकव्हरी की मागत होता. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आपली डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे असते. लॅपटॉप सुरू होताना काय काय चालू झालं याची नोंद ही चिप ठेवते. नोंद नेहमीसारखी असली तर किल्ली गुपचूप मिळते, आपल्याला कळतही नाही. सिक्युअर बूट बंद केल्यावर नोंद बदलली, म्हणून चिपनं किल्ली दिली नाही. चोरानं लॅपटॉप नेऊन सेटिंगशी खेळ केला असता तर तिनं हेच करायला हवं होतं. यंत्र बिघडलं नव्हतं, ते आपलं काम चोख करत होतं.

अशा वेळी ४८ आकड्यांची की लागते आणि ती साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. भाचीच्या खात्यात ती नव्हती. लॅपटॉप सांगलीत घेतला होता, पहिल्यांदा सुरू करताना दाजींचा ईमेल टाकला होता. दाजींना फोन लावला.

"दाजी, तुमच्या खात्यात लॅपटॉपचं नाव दिसतंय का? त्याच्यापुढे सहा-सहाचे आठ गट असतील."

"थांब, चष्मा घेतो," दाजी म्हणाले. "हां, सांगू?"

त्यांनी एकेक गट सावकाश वाचला. भाचीनं आधी कागदावर लिहिला, परत वाचून दाखवला, मगच टाइप केला. या कीची रचना मला फार आवडते. सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ नं भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा ऐकला तर चूक त्या गटातच पकडली जाते, ४८ आकडे पुन्हा तपासत बसावं लागत नाही. फोनवर 'बासष्ट' आणि 'बाहत्तर' यात गफलत झालीच. पडद्यानं तो गट नाकारला, दाजींनी तेवढाच पुन्हा सांगितला.

की लागली आणि दुसरा निळा पडदा आला: इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. भाचीचा चेहरा उतरला. "दुकानवाला बरोबर बोलत होता का गं, मावशी?"

नव्हता. कुलूप उघडल्यावरच हा पडदा आला होता, म्हणजे डेटा जागेवर होता. अडलं होतं ते व्हीएमडीपाशी. प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामध्ये बसून डिस्कचा कारभार बघणारी ही इंटेलची व्यवस्था. लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा ती चालू होती, म्हणून विंडोजनं सुरुवातीला तिचाच ड्रायव्हर उचलायची सवय लावून घेतली होती. ती बंद केल्यावर डिस्क थेट समोर आली, पण तिच्याशी बोलायचा साधा ड्रायव्हर सुरुवातीला उचलायच्या यादीत नव्हता. तो ड्रायव्हर विंडोजकडे असतो, फक्त त्याला जागं करावं लागतं.

त्याआधी मला डेटा हातात हवा होता. त्याच पेनड्राइव्हवरून उबुंटू इन्स्टॉल न करता नुसतं चालू केलं. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचं पार्टिशन कुलपाच्या चिन्हासह दिसलं. त्यावर क्लिक केलं, पासवर्डच्या जागी तीच ४८ आकड्यांची की टाकली आणि भाचीचे सगळे फोल्डर उघडले. विंडोजचं कुलूप लिनक्सनं उघडलं, आणि तेही पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं. दोन सिस्टिम म्हणजे दोन शत्रू असं समजणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. प्रबंध, नोट्स, रिपोर्ट, फोटो, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. भाचीनं प्रबंधाची फाइल उघडून शेवटचं पान तपासलं आणि मग कुठं तिनं चहा घेतला.

पुढचं काम निवांत करता आलं. बायोसमध्ये व्हीएमडी आणि सिक्युअर बूट दोन्ही पहिल्यासारखं चालू केलं. लॅपटॉप सुरू केला तर विंडोज सरळ उघडलं, कीसुद्धा न मागता. चिपची नोंद पुन्हा जुळली होती. ज्या लॅपटॉपला फॉरमॅट सांगितला होता तो दोन सेटिंग परत फिरवल्यावर उठून बसला.

पण तिथं थांबून चालणार नव्हतं, कारण उबुंटूसाठी व्हीएमडी बंदच ठेवायचं होतं. कमांड प्रॉम्प्टमधून बिटलॉकरचं संरक्षण तात्पुरतं थांबवलं, म्हणजे पुढच्या प्रत्येक पावलाला की मागितली जाणार नाही. मग बीसीडीएडिट या आज्ञेनं विंडोजला सांगितलं की पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू हो. रीस्टार्ट करून बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद केलं. सेफ मोडमध्ये विंडोज मूलभूत ड्रायव्हर सगळे उचलतं, त्यात डिस्कचा साधा ड्रायव्हरही येतो आणि तो पुढं कायम यादीत राहतो. सेफ मोडची खूण काढून टाकली, पुन्हा सुरू केलं, आणि विंडोज व्हीएमडीशिवाय नेहमीसारखं चालू झालं. सिक्युअर बूट मी चालूच ठेवलं. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण उबुंटूची सुरुवातीची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सहीची असते, सिक्युअर बूट तिला अडवत नाही.

राहिला तो तिसरा फोटो. ग्रब म्हणजे सुरुवातीला उबुंटूला हाताला धरून उठवणारा छोटा प्रोग्राम. उबुंटूच्या फाइली डिस्कवर उतरल्या होत्या, फक्त ग्रब बसला नव्हता. दुकानांमध्ये आणि हौशी मदतनिसांकडून इथं सगळं इन्स्टॉलेशन पहिल्यापासून करायला सांगितलं जातं. पण मूळ कारण तसंच राहिलं तर त्याच ठिकाणी पुन्हा तेच होणार. त्या रात्रीचा लॉग गेला होता, कारण पेनड्राइव्हवरून चाललेली सिस्टिम रॅममध्ये असते, लॅपटॉप बंद झाला की लॉगही पुसला जातो. म्हणून ती चूक डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणायची ठरवलं.

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं. डिस्कवरचं अर्धवट उबुंटू आणि शेजारचं ईएफआय पार्टिशन माउंट केलं, चालू यंत्राच्या आवश्यक डिरेक्टऱ्या त्याला जोडल्या आणि सीएचरूट करून त्या अर्धवट सिस्टिमच्या आत शिरलो. इथून पुढं कीबोर्ड भाचीकडे दिला. मी एकेक आज्ञा सांगत होते, ती आधी अर्थ विचारत होती, मग टाइप करत होती. ग्रब-इन्स्टॉल चालवलं आणि या वेळी चौकटीऐवजी पूर्ण कारण समोर आलं: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

"पण मी उबुंटूला ८० जीबी दिलेत," ती म्हणाली.

८० जीबी होतेच. जागा संपली होती ती ईएफआय पार्टिशनमध्ये. लॅपटॉप चालू केल्यावर फर्मवेअर सगळ्यात आधी याच पार्टिशनमध्ये बघतं, आणि सगळ्या सिस्टिमच्या सुरुवातीच्या फाइली याच एका ठिकाणी राहतात. तिच्या लॅपटॉपवर ते १०० एमबीचं होतं. एकटं विंडोज राहणार असेल तर पुष्कळ झालं. आत पाहिलं तर विंडोजच्या फाइली वाजवी जागेत होत्या, पण लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये जुन्या बायोस अपडेटच्या फाइली तशाच पडून होत्या आणि बहुतेक जागा त्यांनीच खाल्ली होती. ५१२ जीबीच्या डिस्कवरचं सगळं काम १०० एमबीच्या खोलीत अडलं होतं. दोन सिस्टिम ठेवू पाहणाऱ्या किती जणांनी याच ठिकाणी हार मानली असेल, असं मला सारखं वाटत राहिलं. ५१२ जीबीत हे पार्टिशन थोडं मोठं ठेवायला कुणाचं काय गेलं असतं?

आम्ही काहीही डिलीट केलं नाही. जुन्या अपडेटचा तो फोल्डर आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केला, कॉपी उघडून पाहिली, मग तिथून हलवला. विंडोजच्या फोल्डरला हात लावला नाही. ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवलं. इन्स्टॉलेशन फिनिश्ड, नो एरर रिपोर्टेड. ती ओळ तिनं मोठ्यानं वाचली.

रीस्टार्ट केल्यावर उबुंटू आलं. विंडोजही ग्रबच्या यादीत दिसावं अशी तिची इच्छा होती. मी नको म्हटलं. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून शेजारची सिस्टिम शोधणं मुळात बंदच असतं, आणि या लॅपटॉपसाठी ते तसंच बरं. ग्रबमार्गे विंडोज उघडलं तर चिपची नोंद पुन्हा बदलते आणि बिटलॉकर परत की मागू शकतं. त्यावर बिटलॉकर कायमचं काढून टाका असा उपाय सांगतात. होस्टेलवर राहणाऱ्या, लोकलनं आणि एसटीनं फिरणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवरचं कुलूप मी काढणार नाही. विंडोज हवं असेल तेव्हा सुरू करताना एफ१२ दाबून फर्मवेअरच्या यादीतून निवडायचं, एवढं सोपं आहे. बिटलॉकरचं संरक्षण परत सुरू केलं. ४८ आकड्यांचा कागद तिनं पाकिटात न ठेवता सांगलीला कपाटात ठेवायला दिला, आणि की स्वतःच्या खात्यातही घेतली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मावशी, विंडोजमधलं घड्याळ चुकलंय." किती, विचारलं. साडेपाच तास. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणून भारतात हा फरक नेमका साडेपाच तासांचा पडतो. उबुंटूमध्ये टाइमडेटसीटीएलच्या एका ओळीनं स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भागतं. मला ही तडजोड फारशी पसंत नाही, आतलं घड्याळ यूटीसीवर असलेलंच चांगलं. पण त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करावा लागतो, आणि नुकत्याच सावरलेल्या विंडोजला मी इतक्यात आणखी काही करणार नव्हते.

कासा चालू झालं. ८ जीबी रॅम त्याला कमीच पडते, म्हणून १६ जीबीची स्वॅप फाइल करून दिली. मोठा डेटा ती विभागातल्या मशीनवर चालवते आणि लॅपटॉपवर लहान तुकडे तपासते. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर उबुंटूमध्ये चालत नाही, त्याला लिनक्सचा ड्रायव्हरच नाही. झाकण लावल्यावर लॅपटॉप कधीकधी झोपेतून उठत नाही. त्यावर अजून आमचं काम चालू आहे. गेल्या आठवड्यात तिनं त्या वेळचा लॉग पाठवला, आणि खाली विचारलं होतं की वायफायच्या ड्रायव्हरवर संशय घ्यायचा का. लॉगमध्ये मलाही पहिल्यांदा तेच दिसलं.