पडद्यामागचा उजेड

सांगलीच्या माणसाला 'पडदा' म्हटले की आधी नाटक आठवते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' येथेच उभे केले, हे आम्हाला शाळेपासून इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की पडदा म्हणजे वर जाणारा आणि खाली येणारा, एवढाच अर्थ डोक्यात पक्का बसलेला. आमच्या घरचा पडदा मात्र जेमतेम साडेपंधरा इंचांचा, लॅपटॉपचा. त्यावर नाटक होत नसे; आई टंकलेखन करीत असे.

आईचे टंकलेखन ही आमच्या घरातली एक स्वतंत्र संस्थाच आहे म्हणा ना! लग्नाआधी तिने खडखडणाऱ्या यंत्रावर मराठी ४० शब्दांची परीक्षा दिली. त्या वर्गात कळांवर पुठ्ठ्याचे झाकण ठेवीत. बोटे झाकणाखाली आणि नजर समोरच्या मजकुरावर. पुढे यंत्र गेले, संगणक आला, पण बोटांची ती शिस्त गेली नाही. लॅपटॉपवरही तिने तोच जुना रेमिंग्टनचा कळफलक बसवून घेतला. कोर्टाची कागदपत्रे, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, प्राध्यापकांचे प्रबंध, सारे तिच्या दहा बोटांखालून जाते. लॅपटॉप तरी कुठे नवा? मामाने वापरून झाल्यावर एका भाऊबीजेला ओवाळणीत घातला. झाकण उघडताना तो किंचित कुरकुरत असे. आमच्या घरात बरेच काही कुरकुरते, त्यामुळे तिकडे कोणी लक्ष दिले नाही.

२०२५ च्या जानेवारीत लोककथांवरचा एक प्रबंध तिच्याकडे आला. ३१२ पाने, पानाला २५ रुपये, आणि विद्यापीठात सादर करायची तारीख ठरलेली. ७,८०० रुपये होतात. अशी रक्कम आमच्या घरात येण्याआधीच तिची जाण्याची वाट आखलेली असते. ह्या वेळी ती धाकट्या भावाच्या शिकवणीच्या उरलेल्या हप्त्यांकडे जाणारी होती.

२४० पाने झाली आणि पडदा मिणमिणू लागला. झाकण जरा मागे लोटले की अंधार, पुढे ओढले की उजेड. दोन दिवस आईने त्याच्याशी जुळवून घेतले. नेमका उजेडाचा कोन सापडला की ती झाकणामागे पाट्यावरचा वरवंटा टेकवून ठेवी. तिसऱ्या रात्री वरवंट्याचाही उपाय चालेना. पडदा काळाठिक्कर.

आई एका परिच्छेदाच्या मधोमध होती. "एवढा परिच्छेद पुरा होऊ दे," म्हणाली, आणि त्या काळ्या पाटीसमोर बसून तिने उरलेल्या दहाबारा ओळी टाइप केल्या, मजकूर जतन करायच्या दोन कळा दाबल्या आणि मग चष्मा काढून ठेवला. मी शेजारी बसून पाहत होते. इतकी वर्षे तिला काम करताना पाहते आहे, पण ती किती अक्षरे डोळ्यांनी लिहिते आणि किती बोटांनी, हा प्रश्न तोवर मला पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एका दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप चालू केला, बंद केला आणि निकाल दिला, "स्क्रीन गेली. साडेपाच हजार. त्यापेक्षा नवाच घ्या की." मिनिटभरही लागले नसेल. वाटेत आई काही बोलली नाही. घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवताना म्हणाली, "राहू दे. पुरे झालं आता टायपिंग. सरांना सांगते, दुसरीकडे द्या म्हणून." दूध संपले हे सांगावे तितक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली. मला भीती वाटली ती त्या साधेपणाची. रडली असती तर समजूत तरी घालता आली असती.

बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून त्यांची ३१ वर्षे गेली. लॅपटॉपच्या वाटेला ते कधी जात नाहीत, पण घडी न मोडता त्यांनी पेपर खाली ठेवला. "बॉनेट न उघडता इंजिन बदला म्हणणारा मेकॅनिक नव्हे पोरी, तो विकणारा. बिघाड कुठं आहे ते मागाहून बघ. आधी तो कुठं नाही ते काढ."

मी मराठीची विद्यार्थिनी. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी हे वाक्य मला पटले.

पहिला प्रश्न, यंत्र जिवंत आहे का? पंखा फिरत होता. मोठ्या लिपीची कळ दाबली की तिचा चिमुकला दिवा लागत होता, पुन्हा दाबली की विझत होता. म्हणजे आत सारे जागे होते. दुसरा प्रश्न, चित्र तयार होते आहे का? शेजारच्या काकूंकडून एच.डी.एम.आय.ची केबल मागून आणली, एक टोक लॅपटॉपला आणि दुसरे आमच्या टी.व्ही.ला लावले, दोन कळा दाबून चित्र तिकडे वळवले. भिंतीवरच्या टी.व्ही.वर प्रबंधाचे २४१ वे पान उमटले. अंधारात टाइप केलेल्या त्या ओळीही होत्या, सगळ्याच्या सगळ्या. आई उठून टी.व्ही.जवळ गेली, बोट ठेवून वाचू लागली आणि म्हणाली, "इथं वेलांटी दुसरी पडलीय." दहाबारा ओळींत एवढी एकच चूक! काम सोडणार म्हणणारी बाई त्या वेलांटीवर पाच मिनिटे चुकचुकत होती.

तर मेंदू शाबूत, स्मृती शाबूत, चित्र काढणारा भागही शाबूत. बिघाड उरला तो पडद्यात, किंवा पडद्यापर्यंतच्या वाटेत.

तिसरी परीक्षा रात्रीची. टी.व्ही.ची केबल काढली, खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च पडद्याशी अगदी जवळ, तिरपा धरला. नोट उजेडासमोर धरल्यावर तिच्या पोटातले चित्र दिसते ना, तशी पुसट अक्षरे दिसली. चित्र पडद्यावर येत होते! नव्हता तो फक्त उजेड.

येथे थोडे थांबून पडद्याची रचना सांगितली पाहिजे. मला ती कळली तेव्हा नवल वाटले होते. हा पडदा स्वतः प्रकाशत नाही. त्यात द्रवस्फटिक नावाचा पदार्थ असतो, धड द्रव नव्हे आणि धड स्फटिकही नव्हे. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवीत होता, तेव्हा तो पदार्थ दोनदा वितळतो असे त्याला दिसले: आधी गढूळ, मग आणखी तापवल्यावर स्वच्छ. त्या गढूळ अवस्थेपासून आमच्या टेबलापर्यंत यायला शंभरएक वर्षे लागली. हे स्फटिक विजेच्या इशाऱ्याने वळतात आणि पुढेमागे लावलेल्या दोन गाळण्यांच्या मदतीने कुठे उजेड अडवतात, कुठे सोडतात. आमच्या पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, म्हणजे १०,४९,०८८. आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग, म्हणजे ३१,४७,२६४ झरोके. त्यांना उजेड पुरवते ती खालच्या कडेला बसवलेली दिव्यांची एक बारीक पट्टी. जुन्या लॅपटॉपांत तेथे बारीकशी नळी असे. आता निळे एल.ई.डी. दिवे असतात, त्यांवर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळवतात. निळा दिवा साधणाऱ्या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. तर आमच्या घरी त्या रात्री तीस लाखांहून अधिक झरोके आपापले काम चोख करीत होते, फक्त त्यांच्यामागची पट्टी विझलेली होती.

पट्टीच जळली असेल तर दुकानदार खरा. पण मला ते दोन दिवस आठवले. झाकण हलवले की उजेड येई आणि जाई. दिव्यांच्या पट्टीला झाकणाचा कोन कुठून कळणार? तो कळतो फक्त बिजागरीला, आणि बिजागरीतून जाणाऱ्या केबलीला. चित्राच्या तारा आणि दिव्याच्या तारा त्या एकाच केबलीतून वर जातात. झाकण दिवसातून दहादा उघडमीट करायचे, म्हणजे केबल दहादा मुडपायची. बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "क्लच वायर. तीसुद्धा वळणावरच तुटते."

रविवारी जेवणे आटोपल्यावर लॅपटॉप उघडला. आधी चार्जर काढला, पोटातली बॅटरी काढली, आणि उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले. हे टाळू नये, कारण दिव्याच्या तारेत वीज असताना केबल काढली-घातली तर मदरबोर्डवरचा राईएवढा फ्यूज उडू शकतो आणि मग खरोखरच मोठ्या दुकानाची पायरी चढावी लागते. पडद्याच्या चौकटीवरची रबरी बटणे सुईने उचलली. त्यांच्याखाली स्क्रू लपलेले होते. मुदत संपलेले ए.टी.एम. कार्ड फटीत घालून चौकट सोडवली. प्रत्येक खटका 'कट्' म्हणून सुटे आणि आई दर वेळी श्वास आत घेई. स्क्रू ठेवायला तिने जुना मिसळणाचा डबा दिला. सात वाट्या, प्रत्येकीत कुठल्या बाजूचे स्क्रू त्याची चिठ्ठी. तळाचे स्क्रू मोहरीच्या वाटीत पडले आणि त्यांना अजून मोहरीचा वास येतो, असा माझा संशय आहे.

पडदा पुढे टॉवेलवर निजवला. पाठीवर केबलीचे टोक पारदर्शक चिकटपट्टीखाली नीट बसलेले होते, तेथे काही नव्हते. मग केबलीचा माग काढीत डाव्या बिजागरीपाशी आलो. कुरकुर ह्याच बाजूची. बाबांनी भिंग धरले. काळे वेष्टण घासून उघडे पडले होते आणि आत केसासारख्या दोन तारा तुटून तांबे चमकत होते. बाबांनी भिंग आईच्या हातात दिले. तिने बराच वेळ पाहिले. "एवढंच?" म्हणाली.

डाग देऊन तारा जोडता येतील का, हा विचार बाबांनी केला आणि स्वतःच सोडला. रोज मुडपणाऱ्या जागी डाग टिकत नाही. केबलीवर बारीक चिठ्ठी होती, तिच्यावरचा क्रमांक उतरवून घेतला. स्टँडजवळ एका मजल्यावर मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो. त्याने क्रमांक पाहिला, "ताई, मुंबईहून मागवतो, लॅमिंग्टन रोडला मिळेल," म्हणाला. चार दिवस, ८५० रुपये. पडदा बदला असे त्याने एकदाही सुचवले नाही, हे येथे मुद्दाम लिहिते.

त्या चार दिवसांत काम थांबले नाही. तळ पुन्हा लावून लॅपटॉप टी.व्ही.ला जोडला आणि आई दिवाणखान्यात बसून टाइप करू लागली. पंचाईत झाली आजीची. तिला संध्याकाळी साडेसातला मालिकेऐवजी प्रबंधाचे पाचवे प्रकरण पाहावे लागे. पहिल्या दिवशी ती रुसली, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, त्या सावत्र आईच्या गोष्टीचं पुढं काय झालं? भराभर लिही की." संशोधकाला इतका आतुर वाचक पुन्हा मिळणे कठीण.

केबल आली. जुनी ज्या वळणाने गेली होती त्याच वळणाने नवी नेली, बिजागरीपाशी ताण येऊ नये म्हणून थोडी सैल ठेवली. चौकट बसवण्याआधीच बॅटरी घालून पाहायचे ठरले. बटण आईने दाबले. क्षणभर काहीच नाही, आणि मग खालच्या कडेपासून वरपर्यंत सारा पडदा उजळला. बाबांनी झाकण हळूहळू मागे नेले, पुढे आणले, पुन्हा मागे नेले. उजेड हलला नाही. भाऊ ओरडला, आजी "काय झालं?" म्हणून आतून आली. आईने पदराच्या टोकाने पडद्यावरची धूळ पुसली, "किती घाण साचली होती ही," म्हणाली आणि चौकट लावायच्या आधीच ती वेलांटी दुरुस्त केली.

प्रबंध तारखेच्या दोन दिवस आधी पोचता झाला. त्यानंतर गल्लीत माझे नाव झाले आहे, नको तितके. एकीच्या पडद्यावर शाई सांडल्यासारखा डाग होता. ती आतली काच फुटलेली, तेथे पडदाच बदलावा लागतो, तसे तिला सांगितले. दुसऱ्याच्या पडद्यावर रंगीत रेघा येत होत्या, पण झाकण हलवले की जात होत्या. त्याला आधी केबल पाहायला सांगितले. तुटकी केबल बाबांनी आपल्या पान्यांच्या पेटीत ठेवली आहे. वरवंटा पाट्यावर परत गेला, आणि आईकडे सध्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आला आहे.